वाढवू नये

शुक्रवारी आमच्या गल्लीतले साचे, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात. बाकीचे सहा दिवस दोन्ही बाजूंच्या कारखान्यांतले लूम असे खडखडत असतात की घरातल्या घरात ओरडून बोलावं लागतं. भिवंडीची माणसं परगावी भांडखोर वाटतात ती त्यामुळेच. मला नाद जुन्या घड्याळांचा, खिशात ठेवायच्या, साखळीच्या. असल्या घड्याळाची तब्येत कानानंच कळते, आणि आमचे कान शुक्रवारपुरतेच कामाला येतात. म्हणून सकाळची शाळा सुटली, जेवण झालं, की शुक्रवारी दुपारी मी ओटीवर धुतलेलं धोतर अंथरायचो, अकराच्या अकरा घड्याळं त्यावर मांडायचो आणि एकेक कानाशी धरून बसायचो.

मी गणिताचा मास्तर. मुलानं उत्तर बरोबर आणलं की मला आधी शेजारच्या मुलाची वही बघावीशी वाटते. माझी बायको सुनीती म्हणते, देवानं प्रत्यक्ष दर्शन दिलं तरी हे त्याला ओळखपत्र मागतील. मागेन. जुन्या घड्याळांच्या बाबतीत संशय हाच खरा गुण आहे. डबी एकाची, यंत्र दुसऱ्याचं, तबकडी परवा रंगवलेली, असले प्रकार फार. मी झाकण उघडून आतल्या बाजूला भिंग लावतो. घड्याळ दुरुस्त करणारे तिथे सुईनं बारीक खूण करतात, तारीख घालतात. ते ओरखडे वाचले की घड्याळाचा सगळा जन्म समजतो. माझ्याकडच्या एका चांदीच्या घड्याळात असे एकोणीस ओरखडे आहेत, आणि त्या एकोणीस अनोळखी माणसांवर माझा जीव आहे.

बायजाबाई आमच्या गल्लीत शुक्रवारीच यायची, कारण त्या दिवशी तिची हाक घरात ऐकू जायची. अंजूरहून भाजीची पाटी घेऊन येई. साठीची बाई, हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिचा नवरा सावळाराम तेरा वर्षांपूर्वी रेतीची होडी घेऊन ओहोटीबरोबर खाडीत गेला होता. निघताना ‘भरतीला येतो’ म्हणाला होता. होडी सापडली नाही, माणूस सापडला नाही. गावानं आणि भावकीनं त्याचं सगळं करून टाकलं. बायजाबाईनं केलं नाही. पाटी उतरवून ती ओटीच्या पायरीवर टेकायची आणि मी घड्याळांना चावी देतो ते बघत बसायची.

त्र्याहत्तर सालच्या चैत्रातल्या एका शुक्रवारी तिनं कमरेची गाठ सोडून एक घड्याळ माझ्या धोतरावर ठेवलं.

“मास्तर, ह्ये ठेवा.”

चांदीची जाड डबी, पांढरी तबकडी, रोमन आकडे, वेगळ्या चावीनं फिरवायचं. शंभर वर्षांचं तरी असावं. मनात लगेच आलं, हिच्याकडे हे कुठून आलं?

“विकायचंय का?”

“न्हाय. सांभालाला देते.” तिनं बोटं दाखवली. सांध्यांत वाकून गेली होती. “चावी फिरवाला जमत न्हाय आता. तुमी रोज देताव, मी बगते ना. आमच्या ह्यांचा हाय. याच्याच येलेवर ते यायचे हायत.”

“मूळ चावी कुठे आहे?”

“त्यांच्याकडं. कमरेला सुतलीत असाची. मी ही बाजारातून आनलेली.” तिनं एक साधी चावी पुढे केली. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, “येकच सांगते. याला वाढवू नका. कायपन झालं तरी वाढवू नका.”

फुकट मिळणाऱ्या वस्तूला मी हात लावत नाही. उद्या हिचा कुणी पुतण्या येऊन मास्तरनं म्हातारीला फसवलं म्हणायचा. मी वहीचा कागद फाडला आणि लिहिलं, ‘हे घड्याळ मी स्वखुशीने सांभाळण्यास दिले आहे. रोज चावी द्यावी. घड्याळ वाढवू नये.’ वाचून दाखवलं. तिनं मान हलवली आणि अंगठा उठवला.

अर्थ मला सरळ लागला. वाढवू नये म्हणजे पुढे करू नये. घड्याळ मागे पडत असणार, आणि नवऱ्याच्या हातची वेळ हिला तशीच हवी असणार. म्हातारीचं मन, म्हटलं, राहू दे.

आत भिंग लावून बघितलं. एकही ओरखडा नव्हता. शंभर वर्षांत कुणीही न उघडलेलं घड्याळ चालत नाही. मला त्याचा तेव्हाच राग आला.

दुसऱ्या दिवशी ते अठ्ठेचाळीस मिनिटं मागे होतं. तिसऱ्या दिवशी आणखी अठ्ठेचाळीस. जुनं घड्याळ मागे पडतं, पण ते लहरीनं पडतं. उताणं ठेवलं तर एक, उभं टांगलं तर दुसरं, उन्हाळ्यात तिसरं. हे सगळीकडे सारखंच. आत वेग कमीजास्त करायचा एक बारीक दांडा असतो, तो मी पार जलदच्या टोकाला नेला. अठ्ठेचाळीस. पार मंदच्या टोकाला नेला. अठ्ठेचाळीस.

म्हणजे कुणीतरी हात लावतंय. मी घड्याळ कापसात ठेवून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातलं, डब्याला आडवा-उभा दोरा बांधला आणि माझी गाठ मारली. ही गाठ मला वडिलांनी शिकवली, ती सुनीतीलाही सुटत नाही. डबा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली जानव्याला. रोज सकाळी सोडायचो, चावी द्यायचो, वेळ टिपायचो, पुन्हा बांधायचो. मागे पडणं थांबलं नाहीच, वर कापूस दमट लागायला लागला. त्याला खाजणातल्या चिखलाचा वास यायचा. एके दिवशी कापसात रेतीचे तीन कण निघाले. मी ते पुडीत बांधून ठेवले, पुरावा म्हणून.

पुतण्याही आलाच. नवशा त्याचं नाव, आमच्याच गल्लीत लूमवर होता. शिफ्ट सुटल्यावर अंगावर कापसाची भुरी घेऊन दारात उभा राहिला.

“काकीनं घड्याल तुमाला दिलाय काय?”

मी आत जाऊन कागद घेऊन आलो. त्यानं कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

“ठेवा, मास्तर. मांगाला न्हाय आलो. आमच्याकडं नको ते. ज्या फडताळात व्हतं ना, त्याची फली मे महिन्यात पन सुकत नव्हती.” जाताना वळून म्हणाला, “काकी मात्र बोलली, मास्तरकडं गेलं, आता बेस झालं. तेरा वर्सांत पयल्यांदा दुपारची झोपली.”

मी नवशावरही विश्वास ठेवला नाही. इतकं सरळ बोलणारा माणूस काहीतरी लपवत असतो असं माझं मत होतं.

बाजारपेठेतला अनंता घड्याळवाला माझा जुना स्नेही. त्याच्याकडे घेऊन गेलो. त्यानं डोळ्याला भिंग अडकवलं, मागचं झाकण उघडलं, बराच वेळ बघितलं, नाकाजवळ नेलं आणि झाकण लावून माझ्यापुढे सरकवलं.

“हे काम मी नाय करणार, सर.”

“का? बिघाड कुठे आहे?”

“बिघाड असता तर केलं असतं ना.” तो दुसरंच कुणाचं तरी मनगटी घड्याळ उगाच पुसत राहिला.

कोडं सोडवलं सुनीतीनं. माझी आकड्यांची वही चहाबरोबर तिच्या हाती लागली. ती रेवदंड्याची. समुद्राकाठी वाढलेली.

“रोज अठ्ठेचाळीस मिनिटं उशीर? अहो, असा उशीर भरतीला होतो.” तिनं भिंतीवरच्या पंचांगाकडे मान वळवली. “आज अष्टमी. आठ पाऊणे सहा. समुद्राला सहा वाजता भरती. अंजूरच्या खाडीत आत पाणी चढायला आणखी अर्धा तास धरा. साडेसहा. साडेसहाला तुमच्या घड्याळात किती वाजतात बघा.”

पाऊणकी मला तोंडपाठ. वीस वर्षं मुलांकडून घोकून घेतली आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. साडेसहाला डबा उघडला. दोन्ही काटे बारावर होते.

दुसऱ्या दिवशी नवमी. नऊ पाऊणे पावणेसात, अर्धा तास वर. सव्वासातला बारा. पंधरा दिवस ताळा केला. खाडीत पाणी पूर्ण चढायचं तेव्हा बरोबर घड्याळात बारा वाजायचे.

आता जे लिहितो त्याची लाज वाटते. मी सुनीतीला विचारलं, पाऊणकी तूच करतेस आणि काटेही तूच फिरवतेस, असं तर नाही ना?

तिनं चहाची कपबशी खाली ठेवली. “तुमची गाठ मी सोडली म्हणायचंय?”

ती पुढे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. लूमच्या खडखडाटात अबोलाही नीट ऐकू येत नाही. घरात काय बिघडलंय ते मला शुक्रवारी समजलं.

तो शुक्रवार वैशाखातल्या संकष्टीचा. मी ठरवलं होतं, आज यंत्र बाहेर काढायचं. एखादं जास्तीचं दातेरी चक्र असणार, कुणा हुशार कारागिरानं खास नावाड्यांसाठी घातलेलं. ते दिसलं की सगळे संशय मिटले असते, सुनीतीची माफीही मागता आली असती. चतुर्थी, चार पाऊणे तीन, वर अर्धा तास. साडेतीनला भरती. बारा वाजायच्या थोडं आधी घड्याळ थांबवायचं, म्हणजे चक्रं त्या जागेवर सापडतील. शिवाय मास्तरनं घड्याळ धरलं तर खाडीचं पाणी खोळंबतं का तेही बघू, असा एक चावट विचार मनात होता.

बायजाबाईला दिलेला शब्द मी मोडत नव्हतो. एक मिनिटही पुढे करणार नव्हतो. फक्त थोडा वेळ थांबवणार होतो.

ओटीवर धोतर अंथरलं. गल्ली शांत होती. अकरा घड्याळं आपापल्या आवाजात बोलत होती आणि बारावं त्यांच्यापेक्षा हळू, जाड आवाजात. स्वयंपाकघरात सुनीती मोदकांसाठी नारळ खवत होती. ती खवणीची करकरही ऐकू येत होती.

तीन पंचवीसला मी मागचं झाकण उघडलं. घड्याळात बाराला पाच कमी होते. कागदाची बारीक पट्टी कातरून डोलणाऱ्या चक्राखाली सरकवली.

चक्र थांबलं.

त्याबरोबर बाकीची अकराही थांबली. एकाच ठोक्याला.

खवणीचा आवाज बंद झाला. काहीतरी काचेचं फरशीवर पडलं.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही हो,” आतून सुनीती म्हणाली. दोन दिवसांनी तिचा आवाज आला होता. “बांगडी वाढली.”

मी पट्टी धरून तसाच बसलो.

बांगडी वाढली. बायका फुटली म्हणत नाहीत. कुंकू पुसलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. जे संपू नये, बंद पडू नये, त्याचं वाईट नाव तोंडानं घ्यायचं नाही, म्हणून वाढवलं म्हणायचं. माझी आई दुकान बंद केलं म्हणत नसे. दुकान वाढवलं म्हणायची.

घड्याळ वाढवू नये. माझ्याच अक्षरात, खाली अंगठा.

मी पट्टी ओढून काढली. चक्र हललं नाही. डबी हलवली. चावी घातली, ती नुसतीच गरगर फिरली. तबकडीच्या कडेनं पाण्याचा एक थेंब आला आणि माझ्या करंगळीवर उतरला. मी तो जिभेला लावून बघितला. खारट होता.

अकरा घड्याळं थोड्या वेळानं आपली आपण चालू झाली. बारावं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी ते खिशात घालून दुपारची बस धरली. अंजूर फाट्यावर उतरून चालत गेलो. बायजाबाई दारात बसली होती. हात मोकळे होते. कपाळ कोरं होतं. इतक्या वर्षांच्या कुंकवाची जागा तेवढी उजळ राहिली होती, आणि मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

नवशा भिंतीला टेकून उभा होता. त्यानंच सुरुवात केली.

“काल शुक्कर, म्हनून घरी व्हतो. मी पन बगितली, मास्तर. खोटं कशाला बोलू? त्या तिवरांच्या वलनावर होडी आली, भरतीबरबर. सावलारामकाकाचीच. हुबा मानूस, हातात काठी. काकी पान्यात कमरेपावत गेली. मंग ती होडी थांबली. पानी चढत व्हतं, पाला वाहात येत व्हता, आन होडी जागची हालत न्हवती. मानूस पन. ओहोटी लागली तवा वलनावर काय न्हवतं.”

बायजाबाईनं मान वर केली. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

“किती वाजता वाढवलात, मास्तर?”

“तीन पंचवीसला.”

तिनं मान हलवली, हिशेब जुळल्यावर हलवतात तशी.

“बाई, मला वाटलं वाढवणं म्हणजे पुढे करणं. मी...”

“तुमी कागूद केला व्हता ना,” ती म्हणाली. “मना वाटलं, शिकलेला मानूस हाय, लिवून घेतो म्हंजे समजला.”

मी घड्याळ पुढे केलं. तिनं हात मागे घेतले.

“वाढवलेलं परत घरात घेत न्हाईत.”

नवशा मला फाट्यापर्यंत सोडायला आला.

तेव्हापासून बायजाबाईची हाक आमच्या गल्लीत आली नाही. नवशा सांगतो, ती भाताच्या खाचरांकडे तोंड करून बसते, खाडीकडे बघत नाही. मी सुनीतीची माफी मागितली. ती बरं म्हणाली, पण तेव्हापासून तीही डब्याच्या कपाटाकडे पाठ करून जेवते. घड्याळ डब्यात आहे, बाराला पाच कमी. डब्याला दोरा, दोऱ्याला माझी गाठ. सवय सुटत नाही.

वर्ष झालं. पंधरा दिवसांपूर्वी पुन्हा वैशाखातली संकष्टी, आणि योगायोगानं पुन्हा शुक्रवार. साचे बंद. मी ओटीवर अकरा घड्याळं ऐकत होतो. साडेतीनच्या सुमाराला कपाटातून आवाज आला. टिकटिक नव्हती. कुणीतरी सावकाश, जपून घड्याळाला चावी देत होतं. आठ-दहा पीळ. मग आवाज थांबला.

सुनीती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिनंही ऐकलं होतं.

कुलूप काढलं. गाठ माझीच होती, हललेलीही नव्हती. आत काटे होते तिथेच, बाराला पाच कमी. कापूस चिंब झाला होता. त्यावर एक पितळी चावी होती, सुतळीच्या तुकड्यात ओवलेली. बाजारातली साधी चावी माझ्या खणात आहे. ही ती नव्हे.

सुनीतीनं ती उचलली, तळहातावर धरली आणि पटकन माझ्या हातात दिली.

“अहो, बघा ना,” ती म्हणाली.

चावी कोमट होती. कुणीतरी मुठीत घट्ट धरून ठेवलेली वस्तू लागते तितकीच.

मग माझ्या ध्यानात आलं ते हे, की सावळाराम बुडालेला नाही. तो वळणावर उभा आहे आणि बाराला पाच कमी आहेत. आणि तिकडे त्याच्या बायकोनं माझ्यामुळे कुंकू वाढवलंय. हे तिला जाऊन सांगायला हवं. दोनदा फाट्यावर उतरलो आणि समोरून येणाऱ्या बसनं परत आलो. त्या कोऱ्या कपाळासमोर काय बोलायचं ते मला सुचत नाही. चावी घड्याळात घालून फिरवायचं धाडसही होत नाही. तो भरतीला येणार तो घड्याळाच्या वेळेवर, आणि चावी द्यायला तो अंजूरला नाही, आमच्या कपाटात आला. घड्याळ चालू झालं तर तो कुणाच्या दारात येईल?

चावी मी ओटीवरच्या खणात, कोरड्या फडक्यावर ठेवली आहे. रोज सकाळी बघतो. फडकं रोज बदलावं लागतं. आज पंधरा दिवस झाले, ती अजून कोमट आहे.